न मावणाऱ्या संख्येचे काय करायचे?

संगणकाला ‘१ई४००’ असा मजकूर दिला आणि याची संख्या कर म्हटले, तर काय हाती येईल हे कोणत्या भाषेत विचारले त्यावर ठरते. (‘ई’ म्हणजे पुढचा आकडा दहाचा घात आहे, प्रत्यक्ष प्रोग्रॅममध्ये हे अक्षर रोमन असते.) पायथन, जावा, जावास्क्रिप्ट आणि रस्ट काहीही न बोलता ‘अनंत’ देतात. गो अनंत देते, पण सोबत चूक झाल्याचेही कळवते. रुबीचे एक फंक्शन इशारा छापते आणि पुढे जाते. सी++ मधले एक फंक्शन एक्सेप्शन फेकते, तर दुसरे त्रुटीचा कोड देते आणि आपल्या व्हेरिएबलला हातही लावत नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस ही किंमत घ्यायलाच नकार देतो. आणि सी भाषेतल्या एका जुन्या फंक्शनबाबत तर अशा वेळी काय होईल याची प्रमाणग्रंथ हमीच देत नाही.

मजकूर एकच आणि गणिताच्या दृष्टीने त्यात काहीही चूक नाही. १० चा ४०० वा घात ही पूर्णपणे वैध संख्या आहे. ती फक्त ६४ बिटांच्या डब्यात मावत नाही. अशा वेळी वाचणाऱ्या फंक्शनने काय करावे, यावर गेली चाळीसेक वर्षे एकमत झालेले नाही. भाषा, डेटाबेस आणि लायब्ररी यांनी आपापली उत्तरे निवडली, काहींनी ती मध्येच बदलली, आणि त्यांची आपसात गाठ पडते तिथे माहिती गुपचूप हरवते. या उत्तरांची फारशी चर्चा होत नाही, कारण रोजच्या चाचण्यांत ती वेळच येत नाही. म्हणूनच ती एकत्र मांडून पाहणे मला गरजेचे वाटते.

आधी सीमा नेमकी कुठे आहे ते पाहू. आज जवळपास सगळीकडे वापरला जाणारा ‘डबल’ हा प्रकार आयईईई ७५४ या १९८५ च्या प्रमाणकातून आला. त्यात १ बिट चिन्हाला, ११ घाताला आणि ५२ अपूर्णांकाला असतात. सर्वांत मोठी मर्यादित संख्या साधारण १.७९७६९३१३४८६२३१५७ई३०८. मात्र वाचताना मर्यादा इथे संपत नाही. मजकुरातली संख्या जवळच्या मावणाऱ्या संख्येकडे वळवायची असते, त्यामुळे कमाल संख्येच्या पुढे अर्ध्या पायरीपर्यंतचा टापूही चालतो. १.७९७६९३१३४८६२३१५८ई३०८ ही संख्या कमालपेक्षा मोठी आहे, तरीही ती वाचताना चूक होत नाही. ती कमाल संख्येवर येऊन बसते. शेवटचा अंक ८ चा ९ केला की मात्र ओव्हरफ्लो. ‘कमालपेक्षा मोठी म्हणजे चूक’ अशी सरधोपट तुलना लिहिणारा पार्सर इथेच चुकतो.

खालची सीमा याहून गुंतागुंतीची. २.२२५०७३८५८५०७२०१४ई-३०८ पर्यंत संख्या पूर्ण अचूकतेने लिहिता येतात. त्याखाली एकदम शून्य येत नाही. तिथून सुमारे ४.९४ई-३२४ पर्यंत ‘सबनॉर्मल’ संख्यांचा पट्टा आहे. त्यात खाली जाताना अचूकतेचे बिट एकेक करून गळत जातात. हा पट्टा ठेवावा की नाही यावर प्रमाणक ठरताना मोठा वाद झाला होता. बर्कलीचे विल्यम काहान त्याच्या बाजूने होते. व्हॅक्स यंत्रे बनवणारी डिजिटल इक्विपमेंट ही कंपनी विरोधात होती. कंपनीने जी. डब्ल्यू. स्ट्यूअर्ट या नामवंत संख्याविश्लेषकाचे मत मागवले. १९८१ साली त्यांनी कौल दिला तो काहान यांच्याच बाजूने. काहान यांना पुढे १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. हा इतिहास सांगायचे कारण असे की, मजकूर वाचणाऱ्या लायब्ररींमधला आजचा बराचसा गोंधळ याच पट्ट्यात होतो. सबनॉर्मल संख्या ही कायदेशीर संख्या आहे की चूक, हे अनेक लायब्ररींना अजून नीट ठरवता आलेले नाही.

इतक्या मोठ्या किंवा लहान संख्या कोणाच्या कामात येतात, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. दृश्य विश्वातल्या अणूंची संख्या साधारण १० च्या ८० व्या घाताच्या घरात सांगितली जाते. ३०८ म्हणजे त्याच्याही कितीतरी पलीकडे. पण लांबी-वजनासारखी मोजमापे हा संख्यांचा एकच उगम नाही. संभाव्यता हा दुसरा. माणसाच्या जनुकीय आराखड्यातला कोणता बदल कोणत्या रोगाशी किंवा गुणाशी जोडलेला आहे हे लाखो लोकांच्या नमुन्यांवरून शोधतात, तेव्हा ठळक संबंधांची पी-किंमत १ई-३०८ च्याही खाली सहज जाते. फाइलमध्ये १ई-४०० असे लिहिलेले असते, वाचणारा प्रोग्रॅम त्याचे गुपचूप शून्य करतो, मग आलेखासाठी त्याचा लॉगॅरिदम काढला की अनंत येते आणि बिंदू आलेखावर बसतच नाही. म्हणजे सगळ्यांत बळकट पुरावा सगळ्यांत आधी गायब होतो. या क्षेत्रातल्या लोकांनी यावर स्वतःच तोडगे काढले आहेत: जीवॅस कॅटलॉग ही सार्वजनिक नोंदसूची पी-किंमतीचा अंकभाग आणि घात वेगवेगळे ठेवते, आणि रेजेनी हे सॉफ्टवेअर पी-किंमतीऐवजी तिचा लॉगॅरिदमच लिहिते.

तिसरा उगम म्हणजे मुळात संख्या नसलेल्या गोष्टी. गिटमधल्या बदलाची सात अक्षरी खूण शून्य ते नऊ अंक आणि ए ते एफ ही अक्षरे यांची बनते. त्यात एकच अक्षर आले, ते ‘ई’ निघाले आणि दोन्ही बाजूंना अंकच असले, की ती खूण घातांकी संख्येसारखी दिसते. ‘४७१ई९०२’ आणि ‘३८ई७७१५’ या दोन निराळ्या खुणा अवतरणचिन्हांशिवाय लिहिल्या, तर यॅमलच्या १.२ आवृत्तीच्या नियमांनुसार दोन्ही संख्या ठरतात, दोन्ही मावत नाहीत, दोन्ही अनंत होतात, आणि मग तुलनेत दोन्ही समान निघतात! जपानच्या रिकेन संस्थेच्या ‘२३१०००९ई१३’ सारख्या जनुकखुणा एक्सेल संख्या समजून बदलून टाकते, हे २००४ साली एका शोधनिबंधाने दाखवून दिले होते. तिथे संख्या मावत होती. न मावणाऱ्या खुणेचे नुकसान आणखी मोठे, कारण अनंतातून मूळ खूण परत मिळवण्याची काही सोयच नाही.

आणि आता अरुंद प्रकारही वाढले आहेत. ३२ बिटांच्या ‘फ्लोट’ची मर्यादा ३.४०२८२३५ई३८ च्या आसपास आहे. मशीन लर्निंगमध्ये चालणाऱ्या १६ बिटांच्या अर्ध्या अचूकतेच्या प्रकारात कमाल संख्या आहे ६५५०४, म्हणजे तिथे ७०००० हा साधा आकडाही अनंत होतो. ‘एवढ्या मोठ्या संख्या येतातच कुठे’ हे उत्तर आता पुरेसे नाही.

प्रश्नाची मुळे सी भाषेत आहेत. तिथे मजकुरातून डबल वाचण्यासाठी एटॉफ नावाचे फंक्शन आहे. त्याला चुकीची खबर देण्याचा मार्गच नाही: ‘केळी’ दिले तरी शून्य, ‘०’ दिले तरी शून्य, आणि न मावणारी संख्या दिली तर वर्तन अनिर्धारित. स्कॅनएफचीही तीच गत. दुसरे फंक्शन स्ट्रटॉड. ते बरेच शहाणे आहे. ओव्हरफ्लो झाला तर ते चिन्हासह अनंत परत देते आणि एरनो या जागतिक खुणेत ‘ईरेंज’ असे लिहून ठेवते. मात्र ही खूण वाचायची शिस्त पाळावी लागते. सीचे कोणतेही लायब्ररी फंक्शन एरनो स्वतःहून शून्य करत नाही. म्हणून बोलावण्यापूर्वी आपण ती शून्य करायची, मग स्ट्रटॉड बोलवायचे, मग तपासायचे. पहिली पायरी विसरली की आधीच्या कुठल्यातरी फंक्शनची चूक या संख्येच्या माथी बसते. ही विस्मृती अतिशय सामान्य आहे, आणि शिकवताना तिच्यावर भर दिला जात नाही याची मला खंत वाटते.

खरी अडचण खालच्या टोकाला आहे. सीच्या १९८९ च्या प्रमाणकात नियम सोपा होता: अंडरफ्लो झाला तर शून्य द्या आणि ईरेंज लिहा. पण तो नियम सबनॉर्मल संख्यांशी विसंगत होता. म्हणून १९९९ च्या प्रमाणकात तो सैल झाला. निकाल सर्वांत लहान नॉर्मल संख्येपेक्षा मोठा नसावा एवढीच अट राहिली, आणि ईरेंज लिहायचे की नाही हे प्रत्येक लायब्ररीने आपले ठरवावे असे म्हटले गेले. लिनक्सवरच्या जीलिबसी या सी लायब्ररीने असे ठरवले की, निकाल सबनॉर्मल असेल आणि वळवताना थोडीही अचूकता गेली असेल, तर ईरेंज लिहायचे. आयईईईच्या अंडरफ्लोच्या व्याख्येला हे धरूनच आहे. पण दशांशात लिहिलेली जवळजवळ प्रत्येक सबनॉर्मल संख्या द्विमानात अचूक बसत नाही. म्हणजे व्यवहारात लिनक्सवर १ई-३१० वाचले की उत्तर बरोबर येते, शक्य तितके जवळचे येते, आणि तरीही चूक झाल्याची खूण उमटते.

ही खूण गंभीरपणे घेणाऱ्यांचे काय होते, ते सी++ मध्ये दिसते. २०११ च्या प्रमाणकात आलेले एसटॉड हे फंक्शन आतून स्ट्रटॉडच बोलावते आणि ईरेंज दिसले की ‘आऊट ऑफ रेंज’ हे एक्सेप्शन फेकते. ओव्हरफ्लो आहे, पूर्ण शून्य झाले आहे की केवळ सबनॉर्मल आहे, याची ते विचारपूस करत नाही. परिणाम असा की, एखाद्या प्रोग्रॅमने स्वतःच मोजलेली १ई-३१० च्या घरातली किंमत फाइलमध्ये पूर्ण १७ अंकांनी लिहिली, तर तोच प्रोग्रॅम ती लिनक्सवर एसटॉडने परत वाचताना कोसळतो. जे लिहिले ते वाचता यावे ही संख्यांच्या आयात-निर्यातीची किमान अट. इथे तीच मोडते.

पोस्टग्रेसने याच खड्ड्याला शहाणपणाने वळसा घातला आहे. त्यांच्याकडेही आतून स्ट्रटॉडच आहे. पण ईरेंज दिसले म्हणून ते लगेच चूक जाहीर करत नाहीत. परत आलेली किंमत शून्य आहे का किंवा धन-ऋण अनंत आहे का, हे आधी बघतात. तसे असेल तरच ‘ही किंमत या प्रकाराच्या मर्यादेबाहेर आहे’ असे सांगून नोंद नाकारतात. सबनॉर्मल असेल तर मुकाट्याने स्वीकारतात. अवघ्या काही ओळींची ही तपासणी आहे, आणि सीवर उभ्या असलेल्या प्रत्येक प्रकल्पाने ती उचलावी असे मला मनापासून वाटते.

सी++ च्या २०१७ च्या प्रमाणकात फ्रॉमचार्स आले. लोकेल नाही, एरनो नाही, एक्सेप्शन नाही, स्मृतीची मागणी नाही. अतिशय स्वच्छ रचना. न मावणाऱ्या संख्येसाठी ते एक कोड देते आणि आपले व्हेरिएबल होते तसेच ठेवते. पूर्णांकांसाठी हे सोयीचे आहे: आधी व्हेरिएबलमध्ये ठरावीक किंमत ठेवा, वाचन फसले तर तीच राहील. फ्लोटिंग पॉइंटसाठी मात्र हाच नियम नडतो, कारण ओव्हरफ्लो आणि अंडरफ्लो दोन्हींना कोड एकच, आणि किंमतही मिळत नाही. संख्या फार मोठी होती की फार लहान, हे बोलावणाऱ्याला कळतच नाही. स्ट्रटॉडमध्ये निदान परत आलेल्या किमतीवरून ते ओळखता येत होते. नव्या फंक्शनने जुन्याकडे असलेली माहिती हिरावली. प्रमाणक समितीच्या दोषसूचीत ही तक्रार ३०८१ या क्रमांकाने नोंदलेली आहे. दरम्यान लायब्ररींनी वाट पाहिली नाही. २०२४ मध्ये आलेल्या बूस्टच्या कॅरकॉन्व्हने प्रमाणकाबरहुकूम फंक्शन दिलेच, शिवाय ईरेंज नावाची वेगळी आवृत्ती दिली. ती कोडही देते आणि किंमतही भरते: ओव्हरफ्लोला चिन्हासह अनंत, अंडरफ्लोला चिन्हासह शून्य. फास्टफ्लोट ही लोकप्रिय लायब्ररीही असेच करते. माझ्या मते योग्य रचना हीच. चिन्हाचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे. उणे १ई-४०० चे उत्तर उणे शून्य असते, आणि पुढे त्याने भागायची वेळ आली तर धन अनंत की ऋण अनंत हे त्या चिन्हावर ठरते.

आता मूक राहणाऱ्या भाषांकडे. त्यांची बाजू दुबळी नाही. आयईईईच्या मते ओव्हरफ्लोचे नेहमीचे उत्तर अनंत हेच आहे. गणित करताना ते चालते, तर वाचताना का नको? याच तर्काने डॉटनेटने आपले वर्तन बदलले. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये न मावणारी संख्या वाचताना ओव्हरफ्लो एक्सेप्शन येत असे. २०१९ च्या डॉटनेट कोअर ३.० पासून ते बंद झाले आणि अनंत मिळू लागले. एक्सेप्शनवर विसंबलेल्या जुन्या प्रोग्रॅमांची तपासणी या बदलानंतर शांतपणे निकामी झाली.

मला हा तर्क अर्धाच पटतो, कारण आयईईईने अनंत देताना सोबत ओव्हरफ्लोचा झेंडा उभारायलाही सांगितले आहे, आणि अंडरफ्लोसाठी वेगळा झेंडा ठेवला आहे. निकाल आणि खूण ही जोडी आहे. मूक भाषांनी जोडीतला निकाल घेतला आणि खूण टाकून दिली. शिवाय त्या स्वतःशीही सुसंगत नाहीत. जावाच्या मूळ प्रोग्रॅममध्ये १ई४०० असा आकडा लिहिला तर कंपायलर तो ‘फार मोठा’ म्हणून नाकारतो, १ई-४०० लिहिला तर ‘फार लहान’ म्हणून नाकारतो. पण तोच मजकूर चालू प्रोग्रॅममध्ये पार्सडबलला दिला तर अनंत आणि शून्य बिनबोभाट मिळतात. म्हणजे जो आकडा प्रोग्रॅमरने स्वतः टंकला त्याच्यावर कडक पहारा, आणि जो परक्या फाइलमधून आला त्याला मोकळे दार. पहारा नेमका उलट हवा होता. पायथनमध्ये १० चा ४०० वा घात पूर्णांक म्हणून काढून त्याचा फ्लोट करायला गेले तर ओव्हरफ्लो एरर येते, पण तीच संख्या ‘१ई४००’ या मजकुरातून वाचली तर अनंत. (पायथन देवनागरी अंकही वाचते: ‘१.५’ चे बरोबर दीड होते, आणि मधला ‘ई’ रोमन ठेवला तर देवनागरीतल्या ४०० व्या घाताचेही अनंतच. सीचे स्ट्रटॉड आणि जावाचे पार्सडबल आपले अंक ओळखत नाहीत.) रस्टमध्ये तर पूर्णांक मावला नाही तर चूक येते आणि फ्लोट मावला नाही तर ‘सगळे ठीक, उत्तर अनंत’ असे येते.

मौनाची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते ती जेसन या माहितीच्या देवाणघेवाणीच्या मजकुरी स्वरूपात. सध्याचे प्रमाणक, म्हणजे २०१७ चा आरएफसी ८२५९, संख्येच्या लांबी-रुंदीवर बंधन घालत नाही. प्रत्येक वाचकाला आपापली मर्यादा ठरवायची मुभा देतो, आणि आंतरव्यवहारात अडचण येऊ शकेल अशा संख्येचे उदाहरण म्हणून नेमके १ई४०० च देतो. अनंत लिहायला मात्र जेसनमध्ये जागाच नाही. आता साखळी पाहा. जावास्क्रिप्टने १ई४०० वाचले, अनंत झाले, परत जेसन लिहिताना अनंताला शब्द नाही म्हणून त्याचे ‘नल’ झाले. म्हणजे ‘अतिप्रचंड’ आत गेले आणि ‘माहिती नाही’ बाहेर आले. पायथनच्या जेसन मॉड्यूलने वाचले तर तेही अनंतच करते, पण लिहिताना ‘इन्फिनिटी’ असा शब्द टाकते, जो वैध जेसनच नाही. पुढचा काटेकोर वाचक तो पाहून कोसळतो, आणि दोष शोधणारा माणूस चुकीच्या टप्प्यावर तासन्‌तास घालवतो. गोचे जेसन पॅकेज आणि रस्टचे सर्डे-जेसन मात्र डबलमध्ये न मावणारा आकडा दारातच चूक म्हणून परत पाठवतात. सर्डे-जेसनचे विशेष कौतुक वाटते: त्यांच्या भाषेचे स्वतःचे फंक्शन मूक असतानाही त्यांनी सीमेवर बोलायचे ठरवले.

गोच्या पार्सफ्लोटचे वर्णन थोडे सविस्तर करायला हवे, कारण सर्वसाधारण भाषांच्या मूळ लायब्ररींत मला ते सर्वांत समंजस वाटते. संख्या कमालपेक्षा अर्ध्या पायरीहून अधिक पुढे गेली तर चिन्हासह अनंत आणि सोबत मर्यादेची चूक, दोन्ही परत. लिहिण्याची पद्धत चुकली असेल तर वेगळी चूक. अंडरफ्लोला मात्र शून्य आणि चूक नाही. या शेवटच्या निर्णयाशी मी पूर्ण सहमत नाही; जनुकशास्त्रज्ञाला ते शून्य महाग पडते. पण बहुतेक कामांत १ई-४०० आणि शून्य यांत फरक पडत नाही हेही खरे, आणि निदान ओव्हरफ्लोचा नियम एका वाक्यात लिहून ठेवला आहे.

हे सगळे धोरणाचे झाले. यंत्रणेच्या पातळीवरही सीमेजवळचा टापू धोक्याचा आहे. दशांशातून द्विमानात अचूक वळवण्याचे प्रश्न १९९० साली विल्यम क्लिंगर यांचा निबंध आणि डेव्हिड गे यांचा प्रोग्रॅम यांनी सोडवले, आणि गे यांचा प्रोग्रॅम पुढे असंख्य भाषांच्या पोटात गेला. पीएचपीमध्येही तो होता. जानेवारी २०११ मध्ये रिक रीगन यांच्या लक्षात आले की, २.२२५०७३८५८५०७२०११ई-३०८ ही संख्या वाचायला दिली की ३२ बिटांवर चालणारी पीएचपी कायमची अडकून बसते. ही संख्या सर्वांत मोठ्या सबनॉर्मल आणि सर्वांत लहान नॉर्मल संख्येच्या मधल्या चिंचोळ्या फटीत पडते. उत्तर सुधारत नेणारे आवर्तन इंटेलच्या जुन्या, जास्त रुंद रजिस्टरांमुळे कधी थांबतच नव्हते. काही आठवड्यांत असाच दोष जावातही सापडला. तिथला आकडा शेवटच्या अंकाने वेगळा, २.२२५०७३८५८५०७२०१२ई-३०८. हा आकडा मूळ प्रोग्रॅममध्ये लिहिला तर जावाचा कंपायलरसुद्धा अडकत असे. ब्राउझर आपल्या पसंतीची भाषा सर्व्हरला कळवतो त्या मथळ्यात एक अपूर्णांक असतो. तिथे हा आकडा घातला की जावावर चालणारा सर्व्हर ठप्प करता येत होता. एका ओळीच्या विनंतीने! ओरॅकलला फेब्रुवारी २०११ मध्ये तातडीची दुरुस्ती काढावी लागली.

आणखी एक सापळा घाताच्या वाचनात आहे. नवशिका पार्सर घात पूर्णांक म्हणून वाचतो आणि ३०८ पेक्षा मोठा दिसला की ओव्हरफ्लो जाहीर करतो. पण ०ई९९९९९९९९९९ म्हणजे शून्यच. एकावर चारशे शून्ये आणि पुढे ई-४०० म्हणजे बरोबर एक. उलट बाजूने, दशांशचिन्हानंतर चारशे शून्ये, मग एक आणि पुढे ई४०१ म्हणजेही एकच. अंकभाग आणि घात एकत्र पाहिल्याशिवाय मर्यादेचा निर्णय देता येत नाही. आणि घाताचा आकडाच वीस-पंचवीस अंकी असेल तर तो साठवणारा पूर्णांक स्वतःच ओव्हरफ्लो होतो. तो गुंडाळून ऋण झाला की प्रचंड संख्येचे शून्य होते. म्हणून घात मोजताना एका मोठ्या मर्यादेला पोहोचल्यावर मोजणी तिथेच थांबवावी लागते. २०२१ साली डॅनियल लेमिर यांनी सेकंदाला गिगाबाइटच्या वेगाने संख्या वाचण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली, मायकेल आयझेल यांच्या कल्पनेवर उभी असलेली, ती आज गो, रस्ट आणि जीसीसीच्या सी++ लायब्ररीत आहे. वेगाची तिची कीर्ती रास्तच आहे. पण वेग वाढला तरी सीमेवर काय सांगायचे हा प्रश्न जिथल्या तिथे आहे. वर सांगितलेले रस्टचे मौन नव्या पद्धतीतही कायम राहिले.

मग डबलच सोडून द्यावे का? पायथनचे डेसिमल, जावाचे बिगडेसिमल, पोस्टग्रेसचे न्यूमेरिक हे पर्याय खरे आहेत, आणि पैशांच्या हिशेबाला तेच योग्य. १ई४०० त्यांत सहज मावते. परंतु मर्यादा त्यांनाही आहे, आणि परक्या मजकुरासमोर तिचा धोका निराळा असतो. बिगडेसिमल ‘१ई१०००००००००’ हा मजकूर आनंदाने घेते, कारण आत फक्त अंक आणि घात साठवायचे असतात. पण पुढे कोणी त्याचा पूर्णांक करायला गेले की अब्ज अंकांची संख्या मांडायला यंत्र जुंपले जाऊ शकते. डबलमध्ये माहिती हरवते, इथे सेवा बंद पडू शकते.

एवढे पाहिल्यावर माझे मत असे बनले आहे. वाचणाऱ्या फंक्शनने तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या पाहिजेत: मजकूर संख्येचा होता का, जवळात जवळची मावणारी किंमत कोणती, आणि ती किंमत कोणत्या टोकाला मर्यादेबाहेर गेली. सबनॉर्मल उत्तर ही चूक मानू नये. ते उत्तर आहे. ओव्हरफ्लो थांबवायचा की अनंत मानून पुढे जायचे, हे लायब्ररीने ठरवू नये, कारण हवामानाच्या प्रतिमानाला जे चालते ते बँकेला चालत नाही. पण निर्णय बोलावणाऱ्यावर सोडायचा तर त्याला निर्णयापुरती माहिती द्यायला हवी, आणि आजच्या निम्म्याअधिक लायब्ररी ती देत नाहीत. भाषा मूक असेल तर बाहेरून येणारी प्रत्येक संख्या वाचल्यावर ती मर्यादित आहे का, हे आपण लगेच तपासावे. ते एका ओळीचे काम आहे, आणि ते प्रवेशद्वाराशीच करावे. चार टप्पे पुढे गेलेल्या अनंतावरून मूळ मजकूर शोधता येत नाही. शून्याच्या बाबतीत थोडे अधिक कष्ट आहेत: उत्तर शून्य आले आणि मजकुराच्या अंकभागात मात्र शून्याखेरीज एखादा अंक आहे, तर तो अंडरफ्लो.

जे वाचक मजकुरातून संख्या वाचणारे कोणतेही सॉफ्टवेअर लिहितात, त्यांना एक विनंती. आपल्या चाचण्यांत या मजकुरांची भर घाला: १ई४००, उणे १ई४००, १ई-४००, ५ई-३२४, १.७९७६९३१३४८६२३१५८ई३०८, ०ई९९९९९९९९९९, आणि एकावर चारशे शून्ये देऊन ई-४००. पहिल्या तिघांवर तुमचा प्रोग्रॅम काय करतो ते दस्तऐवजात एका वाक्यात लिहा. उरलेल्या चारही वैध संख्या आहेत. त्यांतल्या एकीवरही चूक आली, तर दोष मजकुराचा नाही, पार्सरचा आहे.